थिबा राजाने रत्नागिरीच्या जुन्या बंगल्यात २४ वर्षं काढली, तेव्हा कुठे थिबा पॅलेस उभा राहिला

जुन्या घराची डागडुजी करत राहायची की सरळ नवं बांधायचं? उकाडा, गळती, अपुऱ्या खोल्या असल्या की हा वाद घरोघरी होतो. पण घरातला माणूस ब्रह्मदेशाचा राजा असेल आणि निर्णय त्याच्या हातातच नसेल तर?

थिबाचा जन्म १८५९ साली मंडालेत झाला. १८७८ मध्ये, विशीतच तो गादीवर बसला. राज्यात सागवानाची अफाट जंगलं होती, आणि हेच सागवान त्याला नडलं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेलं, असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये दोन-अडीच आठवड्यांत युद्ध आटोपलं आणि राजाची रवानगी मद्रासला झाली. तिथून एप्रिल १८८६ मध्ये तो रत्नागिरीत आला.

रत्नागिरीच का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती, ब्रह्मदेश दूर होता, आणि पाठीराखे गोळा होण्याची भीती कमी होती. दिल्लीच्या बादशहाला, बहादूरशाह जफरला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं होतं. आता रंगूनकडचा राजा कोकणात.

राहायला मिळाला आउट्रम बंगला. राजा, राण्या, चार मुली, नोकरचाकर, सगळा गोतावळा त्यात. परवानगीशिवाय गावाबाहेर जायचं नाही, दाराशी पोलीस, खर्चाला सरकारी तनखा. तो पुरेना, तेव्हा दागिने विकले जाऊ लागले. राजा चांगल्या घरासाठी अर्ज करत राहिला, सरकार वेळ काढत राहिलं. अशी जवळपास २० वर्षं गेली!

अखेर १९०६ च्या सुमारास नव्या वाड्याचं काम सुरू झालं आणि १९१० मध्ये कुटुंब तिथे राहायला गेलं. हाच थिबा पॅलेस. पंखा-एसी नसलेल्या काळात गारवा कसा मिळवायचा, याचा हा नमुनाच आहे. भाट्ये खाडीकडे बघणारी उंचावरची जागा, म्हणजे समुद्राचा वारा थेट आत. उकाडा रोखायला जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि उंच छत. अर्धगोल, नक्षीदार खिडक्यांतून हवा खेळते, आणि उतरत्या छपरावरून कोकणचा धो-धो पाऊस वाहून जातो. जुन्या बंगल्याला कितीही ठिगळं लावली असती तरी हे जमलं नसतं.

लाकूड मात्र ब्रह्मदेशचं सागवान. ज्या सागवानापायी राज्य गेलं, तेच आता छपराला.

या घरात थिबा जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी त्याचं निधन झालं. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. राजा रत्नागिरीतच राहिला, समाधीत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे नतमस्तक व्हायला रत्नागिरीत आले होते.

पॅलेसमध्ये पुढे सरकारी कामकाज चाललं, आता तिथे संग्रहालय आहे. वास्तू संरक्षित असल्यामुळे पाडून नवं बांधायचा प्रश्न उरलेला नाही. खारा वारा आणि पाऊस आपलं काम करतातच, त्यामुळे इथे आता फक्त डागडुजी.