मातीची धास्ती जाणणारा कारखानदार

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत असताना रंगांधत्व ध्यानी आले आणि ते यंत्ररेखनाकडे वळले. मुंबईत काही काळ शिकवल्यानंतर ते बेळगावातील सायकलींच्या धंद्यात रमले. पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडू लागले.

नांगराला मात्र गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. समजूत चुकीची असली, तरी तिच्या मुळाशी पुढच्या पिढ्यांच्या जमिनीची काळजी होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. शेतकऱ्याला पटेपर्यंत वाट पाहणे हाही त्यांच्या लेखी धंद्याचाच भाग होता.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना जमीन देऊ केली. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्यालगत कामगारांची घरे उभी राहिली. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, आणि शिक्षा भोगून आलेल्यांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी विश्वासाने सोपवली जाई.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. शेतकऱ्याची जमीन आणि कामगाराचे घर टिकले, तरच कारखाना टिकतो, हे त्यांनी आचरणातून दाखवले.