कोरिनची लेखनपेटी

वडिलार्जित संपत्ति मिळणें हें भाग्याचें लक्षण मानितात. परंतु ती हातची गेल्यावर मनुष्यापाशीं काय उरतें, यावरून त्याची खरी पारख होते. जपानांतील एका थोर कलावंताचें चरित्र या दृष्टीनें बोधप्रद असल्यामुळें तें आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ओगाता कोरिन याचा जन्म १६५८ सालीं क्योतो शहरांत झाला. त्याच्या घराण्याची कारिगानेया नांवाची उंची वस्त्रांची पेढी होती व सम्राट् गो-मिझुनोओ याची राणी तोफुकुमोन-इन हिचीं वस्त्रें तेथून जात असत. बाप सोकेन हा चित्रकला व सुंदर हस्ताक्षर यांचा मोठा षोकी होता. मागील पिढ्यांतील विख्यात कलावंत होनआमि कोएत्सु याच्या बहिणीशीं कोरिनच्या पणज्याचा विवाह झालेला असल्यामुळें त्या घरांत कलेचें वारें पूर्वींपासूनच होतें. किमोनोवरील वेलबुट्टीचे नमुने पाहतपाहतच कोरिन वाढला.

१६७८ सालीं राणी निवर्तली व पेढीस उतरती कळा लागली. १६८७ सालीं बापही वारला. वांट्यास आलेली संपत्ति कोरिननें चैनींत व नाटकादि छंदांत उडविली. मग कर्जें झालीं. घराण्याचे जुने कागदपत्र सुदैवानें टिकले आहेत. त्यांवरून असें दिसतें कीं, १६९४ सालीं त्यानें जे जिन्नस गहाण टाकिले, त्यांत कोएत्सूच्या हातची एक लेखनपेटीही होती. पूर्वजांच्या आप्तानें घडविलेली वस्तु सावकाराच्या घरीं पोंचविणें, याहून मानहानीचा प्रसंग तो कोणता?

या पडत्या काळीं धाकटा भाऊ केन्झान यानें त्यास पैसे उसने दिले व हिताच्या चार गोष्टीही सांगितल्या. कोरिन आतां उपजीविकेसाठीं कुंचल्याकडे वळला. केन्झाननें १६९९ सालीं मातीच्या भांड्यांची भट्टी घातली, तेव्हां त्या भांड्यांवर कोरिन चित्रें काढी. १७०१ सालीं त्यास होक्क्यो ही मानाची पदवी मिळाली. पुढें कांहीं वर्षें तो एदो येथें सरदारांच्या आश्रयास राहिला व नंतर क्योतोस परतला. तेथेंच १७१६ सालीं त्याचा अंत झाला.

चित्रांइतकेंच त्याचें रोगणकामही प्रसिद्ध आहे. आमच्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांवर जी लाख चढवितात ती किड्यांपासून होते. जपानी रोगण मात्र उरुशि नांवाच्या झाडाच्या चिकाचें असतें. हा चीक ओला असतां अंगास लागल्यास पुरळ उठतें. आणि तो दमट, उबदार हवेंत कठीण होतो. त्याचीं पातळ पुटें एकावर एक देऊन घासावीं लागतात. ओल्या रोगणानें चित्र रेखून त्यावर सोन्याची पूड शिंपडितात. या कामास माकि-ए म्हणतात. अशा पेट्यांवरील चित्रें केवळ शोभेचीं नसतात. क्रौंच पक्षी व पाइन वृक्ष दीर्घायुष्य सुचवितात, तर शेवंती शरद ऋतु सुचविते.

कोरिनची अशी एक लेखनपेटी टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. ती सुमारें ११ इंच लांब, ८ इंच रुंद व साडेपांच इंच उंच आहे. वरच्या खणांत शाई उगाळण्याचा दगड राहतो, खालच्यांत कागद. काळ्या रोगणावर आयरिसचीं पानें सोन्याचीं व फुलें शिंपल्याचीं आहेत. मधून एक पूल झांकणावरून वळत वळत बाजूंवर उतरतो. त्याच्या फळ्या शिशाच्या आहेत व खांब चांदीचे.

या चित्रांत एकही मनुष्य नाहीं. तरी जपानी मनुष्यास तें पाहतांच इसेच्या गोष्टी या प्राचीन ग्रंथांतील एक प्रसंग आठवतो. राजधानी सोडून पूर्वेस निघालेला एक उमराव यात्सुहाशि, म्हणजे आठ पूल, या ठिकाणीं थांबतो. सोबती वाळविलेला भात खावयास बसतात. जवळच आयरिस फुललेलीं असतात. त्या फुलाच्या नांवाचें एकेक अक्षर प्रत्येक चरणाच्या आरंभीं योजून तो दूर राहिलेल्या पत्नीविषयीं कविता रचतो. ती ऐकून साऱ्यांचे अश्रु भातावर पडतात व भात भिजून फुगतो. फुलें आणि पूल एवढ्यांतच कोरिननें विरहाची ही सारी कथा सांठविली.

त्याच्या उधळपट्टीची आम्ही तरफदारी करीत नाहीं. तिनें त्यास व त्याच्या आप्तांस फार कष्ट दिले. परंतु बापाच्या घरीं सुंदर वस्तु पाहण्याची जी दृष्टि त्यास लाभली, ती कोणत्याही सावकारास गहाण घेतां आली नाहीं. तिला श्रमाची जोड मिळाली, तेव्हां त्याचें भाग्य पुनः उघडलें. पुढें त्याच्या मृत्यूस शंभर वर्षें होत आलीं असतां, १८१५ सालीं, साकाइ होइत्सु या चित्रकारानें एदो येथें त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरवून त्याची स्मृति जागविली. आणि या कलापरंपरेस आज रिन्पा असें जें नांव आहे, त्यांतील रिन् हें अक्षर कोरिनच्याच नांवांतलें आहे.

मुलांसाठीं काय मागें ठेवावें, याचा विचार करणाऱ्या पालकांनींही हें चरित्र एकवार मनांत घोळवावें, अशी आमची विनंति आहे.