रिचर्ड प्रायर

रिचर्ड फ्रँकलिन लेनॉक्स थॉमस प्रायर (जन्म : पिओरिया, इलिनॉय, १ डिसेंबर १९४०, मृत्यू : लॉस एंजेलस, १० डिसेंबर २००५) हे एक अमेरिकन स्टँडअप विनोदकार, अभिनेते आणि लेखक होते. बालपणी सोसलेली मारहाण, भीती आणि वर्णद्वेष यांतून त्यांनी आपला विनोद उभा केला. मात्र कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत याच गोष्टी त्यांनी प्रेक्षकांपासून दूर ठेवल्या होत्या.

बालपण

प्रायर यांची आजी मारी कार्टर या पिओरियात कुंटणखाना चालवीत. आई गर्ट्रूड तेथेच देहविक्रय करी. वडील लिरॉय हे पूर्वी मुष्टियोद्धे होते व पुढे दलाली करू लागले. प्रायर दहा वर्षांचे असताना आई त्यांना सोडून गेली आणि आजीनेच त्यांना वाढवले. लहान वयात त्यांच्यावर लैंगिक अत्याचारही झाले. चौदाव्या वर्षी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले.

या काळात त्यांना आधार मिळाला तो ज्युलिएट व्हिटाकर यांचा. गावातील कार्व्हर केंद्रात त्या मुलांची नाटके बसवीत व त्यांनीच प्रायर यांना प्रथम रंगमंचावर आणले. पुढे लिली टॉमलिन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या लेखनासाठी मिळालेला एमी पुरस्कार प्रायर यांनी या शिक्षिकेला देऊन टाकला.

कारकीर्द

सैन्यातील दोन वर्षांचा बराचसा काळ लष्करी तुरुंगात काढल्यानंतर प्रायर १९६३ साली न्यू यॉर्कला आले. तेथे बिल कॉस्बी यांचा जम बसला होता. प्रायर यांनी त्यांचेच अनुकरण केले : सोज्ज्वळ विनोद, कोणालाही न दुखावणारा. पैसा आणि दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी दोन्ही मिळाले. मात्र सप्टेंबर १९६७ मध्ये लास व्हेगासच्या अलादिन हॉटेलात, त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे, भरल्या प्रेक्षागृहासमोर आपण येथे काय करीत आहोत असा प्रश्न त्यांना पडला व ते मंचावरून निघून गेले.

या प्रसंगाने ते एका रात्रीत बदलले असे सांगण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात बदलाला काही वर्षे लागली. १९७१च्या सुमारास ते बर्कली येथे राहिले, माल्कम एक्स यांचे विचार वाचले, इश्माएल रीड यांच्यासारख्या कृष्णवर्णीय लेखकांच्या सहवासात आले. त्यानंतरच्या प्रयोगांत पिओरियातील दारुडे, जुगारी, धर्मोपदेशक व वेश्या बोलू लागल्या. मिसिसिपीतला गप्पिष्ट म्हातारा मडबोन हे त्यांचे सर्वांत गाजलेले पात्र. प्रायर या माणसांची नक्कल करीत, पण त्यांना हास्यास्पद ठरवीत नसत. १९७४च्या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द त्याच्या नावातच होता. १९७९ साली केनियाला जाऊन आल्यावर मात्र त्यांनी तो शब्द वापरणे सोडले.

'रिचर्ड प्रायर : लाइव्ह इन कॉन्सर्ट' (१९७९) या चित्रपटात त्यांची ही शैली सर्वांत स्पष्ट दिसते. आजी मारण्यासाठीची छडी त्यांनाच झाडावरून तोडून आणायला लावी. ती छडी घेऊन रडत घरी परतणारे पोर ते हुबेहूब उभे करतात आणि लगेच आजीही होतात. प्रेक्षक हसतो, पण मार खोटा वाटत नाही.

अपघात व अखेर

९ जून १९८० रोजी कोकेनच्या अमलाखाली त्यांनी अंगावर रम ओतून पेटवून घेतले व ते गंभीर भाजले. सुरुवातीला याला अपघात म्हटले गेले. आत्महत्येचा प्रयत्न होता हे त्यांनी पुढे मान्य केले. दोन वर्षांनी 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप'मध्ये हा प्रसंगही विनोदाचा विषय झाला. १९८६ साली त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'जो जो डान्सर' या आत्मचरित्रात्मक चित्रपटात भाजलेला विनोदकार आपल्या कुंटणखान्यातील बालपणाकडे परततो.

त्याच वर्षी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान झाले. हळूहळू हालचाल मंदावली, पुढे बोलणेही. १९९८ साली विनोदासाठीचा पहिला मार्क ट्वेन पुरस्कार त्यांना देण्यात आला. २००५ साली हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पिओरियात त्यांचा पुतळा उभा राहिला तो त्यानंतर दहा वर्षांनी, २०१५ साली.