कुऱ्हाड आणि कायदा

७ जून १९०० ची सकाळ. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं कायोवा नावाचं लहानसं गाव. तिथल्या एका दारूच्या गुत्त्यात ५३ वर्षांची, जवळजवळ सहा फूट उंचीची, धिप्पाड बाई शिरली. हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दगड. मालकाला तिने बाजूला व्हायला सांगितलं आणि पुढच्या काही मिनिटांत आरसा, बाटल्या, पेले यांचा चुरा करून टाकला. मग दुसरा गुत्ता. मग तिसरा.

एवढं झाल्यावर कोणीही पळ काढला असता. ही बाई भर रस्त्यात उभी राहिली आणि गावच्या कारभाऱ्यांना म्हणाली, की मी गुन्हा केला असेल तर मला अटक करा. कारभाऱ्यांनी आपसांत बरीच कुजबुज केली आणि शेवटी तिला जाऊ दिलं. तिने गाडीला घोडा जोडला आणि वीसेक मैलांवरच्या आपल्या घरी ती परतली.

तिला का सोडलं, याचं उत्तर सोपं आहे. कॅन्ससमध्ये तेव्हा दारूबंदी होती. १८८० साली मतदान घेऊन राज्याच्या घटनेतच ती लिहिली गेली होती. म्हणजे कायद्याच्या लेखी त्या गावात एकही गुत्ता नव्हता. मग जे दुकान नाहीच, त्याची मोडतोड झाल्याची फिर्याद कोण लिहिणार आणि कोण लिहून घेणार?

या बाईचं नाव कॅरी नेशन. पुढे तिच्या हातात दगडाऐवजी छोटी कुऱ्हाड आली आणि व्यंगचित्रकारांना आयतंच गिऱ्हाईक मिळालं. आजही अमेरिकेत तिचं नाव निघालं की लोक आधी हसतात. पण तिची हकिकत मुळापासून वाचली की हसू मावळतं.

कॅरीचा जन्म २५ नोव्हेंबर १८४६ चा, केंटकी राज्यातला. बाप शेतीवाडीवाला, पदरी गुलाम बाळगून असलेला. आईचं मन ताळ्यावर नसे. आपण इंग्लंडची राणी आहोत असं तिला वाटे, असं सांगतात. घराने पुष्कळ बिऱ्हाडं बदलली. यादवी युद्धानंतर मिझुरी राज्यात त्यांच्या घरी चार्ल्स ग्लॉइड नावाचा तरुण डॉक्टर राहायला आला. शिकलेला, सैन्यात राहून आलेला. कॅरीचं मन त्याच्यावर बसलं. आईवडिलांचा विरोध होता, कारण डॉक्टर पितो हे त्यांच्या कानावर आलं होतं. तरीही १८६७ च्या नोव्हेंबरात लग्न झालं.

पुढचं आपल्याकडच्या कितीतरी घरांतून ऐकलेलं आहे. नवरा रात्र रात्र बाहेर. हातात पैसा नाही. बायको खिडकीशी बसलेली. दिवस गेलेले असतानाच वडील येऊन तिला माहेरी घेऊन गेले. १८६८ च्या सप्टेंबरात मुलगी झाली, तिचं नाव शार्लियन. त्यानंतर काही महिन्यांतच, १८६९ मध्ये, डॉक्टर वारला. बाविसाव्या वर्षी कॅरी विधवा झाली.

तिच्या चरित्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे येते. कॅरी माहेरी बसून राहिली नाही. ती नवऱ्याच्या आईकडे परत गेली. शिकून शिक्षिकेची नोकरी धरली आणि त्या म्हाताऱ्या सासूला पुढे कितीतरी वर्षं आपल्यापाशी सांभाळलं. दारूने दोघींचंही माणूस नेलं होतं. मुलगी लहानपणापासून आजारी, मोठेपणी मनानेही खचलेली. हा बापाच्या व्यसनाचा वारसा, असं कॅरी जन्मभर मानत आली. वैद्यकशास्त्र त्यावर काय म्हणेल तो भाग वेगळा. आईच्या मनाला कारण हवं असतं.

दुसरं लग्न डेव्हिड नेशनशी. वयाने १९ वर्षांनी मोठा; वकील, पत्रकार आणि धर्मोपदेशकही. संसार फारसा जमला नाही. टेक्ससमध्ये कापसाची शेती बुडाली. मग कॅरीने खाणावळवजा हॉटेल चालवून घर ओढलं. १८९० च्या सुमारास दोघं कॅन्ससमधल्या मेडिसिन लॉज या गावी आली. तिथे ती दारूबंदीवाल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेचं काम करू लागली. ही संघटना मराठी वाचकाला अगदीच परकी नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत जाऊन आल्या आणि १८८९ साली त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत जे पुस्तक लिहिलं, त्यात या संघटनेविषयी आदराने लिहिलं आहे. कॅरी तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

मेडिसिन लॉजमध्ये ती तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जाई. कशामुळे आत आलात, हा प्रश्न विचारी आणि बहुतेकांकडून एकच उत्तर ऐके. दारूबंदी असलेल्या राज्यात यांना दारू मिळते कुठे? तर सगळीकडे. औषधासाठी दारू विकायची मुभा कायद्याने औषधविक्यांना ठेवली होती, त्यामुळे राज्यात आजार फार वाढले होते. मोठ्या शहरांतली तऱ्हा आणखी निराळी. तिथे गुत्तेवाल्याकडून दर महिन्याला दंड घेत. दंड भरला की पुढच्या महिन्यापर्यंत धंदा सुखाने चालू. शहराच्या तिजोरीत पैसा, गुत्तेवाल्याला अभय आणि कायद्याचं पुस्तक कपाटात स्वच्छ. दंड कुठला आणि परवान्याची फी कुठली, हे कोणत्या हिशेबनिसाला सांगता आलं असतं?

हे वाचताना मी चपापलो, कारण अशी खातेवही मीही सांभाळली आहे. बँकेत अधिकारी असताना मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. एक दिवस सकाळीच एक बाई आली. नवऱ्याच्या खात्यात उसाचं बिल जमा झालं होतं. साहेब, आजचा दिवस त्यांना पैसे देऊ नका, एवढंच तिचं मागणं होतं. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नियम समजावून सांगितला. खातं त्याचं, सही त्याची. दुपारी तो आला, पैसे घेऊन गेला. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो, आजही तसंच म्हणेन. पण बँकेपासून दोन दुकानं सोडून चोरटी दारू विकली जात होती हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आणि त्या विक्रेत्याचं खातं आमच्याच शाखेत होतं, शीतपेयांचं दुकान म्हणून. ठेवींचं उद्दिष्ट पुरं करताना मला त्याचा उपयोगही झाला होता.

कॅरीने आधी रीतसर मार्ग धरले. गुत्त्यासमोर उभं राहून प्रार्थना केली, भजनं म्हटली. अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या. १८८७ पासून कॅन्ससच्या स्त्रियांना नगरपालिकेपुरतं मत होतं. पण राज्याच्या विधिमंडळासाठी नव्हतं. आपल्याला मत दिलं नाहीत म्हणून दगड उचलावा लागला, असा तिचा युक्तिवाद असे.

कायोवानंतर २७ डिसेंबर १९०० रोजी तिने विचिटा शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या बारवर हल्ला चढवला. भलाथोरला आरसा फुटला आणि भिंतीवरच्या विवस्त्र क्लिओपात्राच्या चित्रालाही दगड बसला. या वेळी मात्र अटक झाली. दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस हा आरोप. म्हणजे गुत्ता बेकायदा, पण त्यातला आरसा कायदेशीर! आरशाला संरक्षण मिळालं आणि तुरुंगात गेली ती कॅरी. १९०१ च्या जानेवारीपासून कुऱ्हाड तिची खूण झाली. राजधानी टोपेका इथे राज्यपालांना भेटून तिने सवाल केले आणि पुढाऱ्यांची बैठक असलेला गुत्ताही फोडला. त्याच वर्षी विधिमंडळाला दारूबंदीचा कायदा अधिक कडक करावा लागला.

मग कॅरी बरोबर होती का? इतकं सोपं नाही. १८५६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकपोर्ट या मच्छीमार गावात हॅना जम्पर या वृद्ध बाईच्या पुढाकाराने शेकडो स्त्रियांनी असेच दारूचे साठे फोडले होते. १८५८ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिलं, की बेकायदा दारूचा बंदोबस्त सरकारने करायचा, खासगी माणसाने नाही. आणि नवरा किंवा मुलगा त्या गुत्त्यात जाऊन पितो, एवढ्यावरून घरच्या माणसाचं स्वतःचं असं खास नुकसान झालं, असं कायदा मानत नाही. पहिलं वाक्य मला पटतं. दुसरं वाचून मात्र मला खुर्चीत बसलेली ती बाई आठवते.

पहिलं का पटतं, हे कॅरीच्याच पुढच्या आयुष्यात दिसतं. कॅन्ससमध्ये ती निदान न पाळलेल्या कायद्याची बाजू घेऊन उभी होती. पण मग ती जिथे दारू रीतसर परवान्याने विकली जात होती, अशा राज्यांतही कुऱ्हाड घेऊन फिरू लागली. शेजारच्या मिझुरीत तिला ५०० डॉलर दंड झाला आणि शहर सोडायला सांगितलं गेलं. रस्त्यावरच्या पुरुषांच्या तोंडातली सिगार ती ओढून फेकून देई. स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच शिपाई झालेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, मग त्याचं दुःख कितीही खरं असो. आपल्याकडचा कायदाही इथे हात राखूनच आहे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर सामान्य नागरिक गुन्हेगाराला धरू शकतो. पण २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. फोडाफोडीची मुभा नाही.

१९०१ मध्येच डेव्हिडने घटस्फोट घेतला. तिला तीसेक वेळा अटक झाली. व्याख्यानं देऊन आणि कुऱ्हाडीच्या आकाराच्या पिना विकून ती दंड भरी. त्याच मिळकतीतून तिने कॅन्सस सिटीत दारुड्यांच्या बायकामुलांसाठी आसराघर काढलं. व्यंगचित्रांत ते घर कधी आलं नाही. १९११ च्या जानेवारीत आर्कन्सॉमध्ये भाषण करता करताच ती कोसळली आणि ९ जूनला गेली. मिझुरीतल्या बेल्टन गावी तिला पुरलं. कित्येक वर्षं त्या जागी साधा दगडही नव्हता; पुढे दारूबंदीवाल्या बायकांनीच तो बसवला.

१९१२ मध्ये कॅन्ससच्या स्त्रियांना पुरं मत मिळालं. १९२० मध्ये साऱ्या देशात दारूबंदी आली, चोरट्या धंद्याला ऊत आला आणि १९३३ मध्ये ती गेली. कॅन्ससने आपली बंदी १९४८ पर्यंत ओढली.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. प्रकृतीच्या रक्षणासाठी म्हणून पिण्याचा परवाना मिळतो, आणि तो किती जणांच्या खिशात असतो ते सुज्ञांस सांगणे न लगे. पण याच महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर तिथलं परवान्याचं दारू दुकान बंद करावं लागतं. कॅरीने दगड उचलला, कारण तिच्याकडे हा शिक्का नव्हता. दुकानाला कुलूप लागल्यावर मागच्या दाराने दारू येते, हेही खरं. तिथे पुन्हा पोलीस आले, दंड आला, खातेवही आली.

ती बाई नंतर कधी बँकेत आली नाही. त्या शीतपेयांच्या दुकानाचं खातं मात्र माझी बदली होईपर्यंत चालू होतं. ते उघडताना कागदपत्रांची तपासणी झाली होती आणि तपासणाऱ्याची सही माझीच होती.