पॉल साबात्ये
पॉल साबात्ये (५ नोव्हेंबर १८५४ – १४ ऑगस्ट १९४१) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. बारीक विभागलेल्या धातूंच्या सान्निध्यात कार्बनी संयुगांचे हायड्रोजनीकरण करण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ग्रीन्यार यांच्यासमवेत मिळाले. उत्प्रेरक हा विक्रियेचा तटस्थ साक्षीदार नसून तो तिच्यात प्रत्यक्ष भाग घेतो, हा त्यांचा सिद्धांत आज वनस्पती तेलापासून इंधन बनवण्याच्या रसायनशास्त्रातही पायाभूत मानला जातो.

== जीवन ==
साबात्ये यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील कारकासोन येथे झाला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियर या संस्थेतून १८७७ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. वर्षभर शाळेत अध्यापन केल्यावर ते मार्सलां बर्थलो यांचे साहाय्यक झाले आणि १८८० मध्ये गंधक व सल्फाइडांवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. १८८२ मध्ये ते तुलूझला आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९०७ मध्ये म्वासाँ व बर्थलो यांच्या निधनानंतर पॅरिसमधील त्यांच्या जागांसाठी साबात्ये यांना विचारणा झाली, तीही त्यांनी नाकारली. फ्रान्समध्ये त्या काळी पॅरिसबाहेर राहणे म्हणजे मानसन्मानांना मुकणे होते. विज्ञान अकादमीच्या पूर्ण सदस्यत्वासाठी पॅरिसचे वास्तव्य आवश्यक असे. १९१३ मध्ये अनिवासी सदस्यांचा वर्ग निर्माण झाला, तेव्हा त्या वर्गात सर्वप्रथम साबात्ये निवडले गेले.

== निकेल आणि हायड्रोजन ==
निकेल कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावून बाष्पनशील संयुग बनवते, हे १८९० मध्ये माँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. इतर असंतृप्त वायूही धातूंशी असाच संयोग पावत असतील, असा तर्क साबात्ये यांनी केला. ॲसिटिलिनावर प्रयोग करण्याचा त्यांचा विचार होता. परंतु म्वासाँ व मूरो यांनी १८९६ मध्ये तो आधीच केला होता. हे दोघे काम पुढे नेणार नाहीत याची खात्री करून घेऊन साबात्ये यांनी मठाधीश पदवीधारी रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त साँदरेंस यांच्यासह १८९७ मध्ये तापलेल्या निकेलवरून एथिलीन सोडले. अपेक्षित संयुग मिळाले नाही. बाहेर पडलेल्या वायूत मात्र एथेन आढळला, म्हणजे एथिलिनाच्या काही रेणूंना हायड्रोजन जोडला गेला होता. मग त्यांनी एथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रणच निकेलवरून सोडले आणि त्याचे सहज एथेनमध्ये रूपांतर झाले. १९०१ मध्ये बेंझिनाचे सायक्लोहेक्झेन व १९०२ मध्ये कार्बनच्या ऑक्साइडांचे मिथेन करण्यात त्यांना यश आले.

या कामात साँदरेंस यांचा वाटा मोठा होता; १९०५ मध्ये अकादमीचे झेकर पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. नोबेलमध्ये त्यांचे नाव नव्हते व त्यांना ते खटकले.

== उत्प्रेरणाचा सिद्धांत ==
सच्छिद्र पृष्ठभागावर वायू दाबला जाऊन तापतो व त्यामुळे विक्रिया घडते, असे अनेकांचे मत होते. साबात्ये यांचा त्याला ठाम आक्षेप होता. कोळसा भरपूर वायू शोषतो, मग तो सर्व विक्रियांचा उत्तम उत्प्रेरक का नाही? एकाच अल्कोहोलाचे बाष्प तांब्यावरून नेल्यास हायड्रोजन निघून ॲल्डिहाइड मिळते, तर ॲल्युमिनावरून नेल्यास पाणी निघून एथिलीन मिळते. केवळ दाब व उष्णता यांनी हा फरक समजत नाही. उत्प्रेरक विक्रियाकारकाशी तात्पुरते, अस्थिर संयुग बनवतो आणि ते मोडताच उत्प्रेरक पुन्हा मोकळा होतो, असे त्यांनी मांडले. हा बंध फार दुर्बल असल्यास काम सुरू होत नाही, फार बळकट असल्यास उत्प्रेरक अडकून पडतो. १९१३ मध्ये त्यांनी कार्बनी रसायनशास्त्रातील उत्प्रेरणावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

== वनस्पती तेले व इंधन ==
साबात्ये बाष्पांवर काम करत. तेले मात्र तापवल्यास बाष्प होण्याआधीच विघटित होतात. द्रवरूप तेलात निकेलची पूड मिसळून हायड्रोजन सोडण्याचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये मागितले. त्यावरच वनस्पती तुपाचा उद्योग उभा राहिला. मुंबईत शिवडी येथे त्याचे उत्पादन १९३२ मध्ये सुरू झाले. या उद्योगातून साबात्ये यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

त्यांचे शिष्य आल्फाँस माइल यांच्यासह त्यांनी टिटॅनियम डायऑक्साइडसारख्या घन ऑक्साइडांवर एस्टरे तयार केली होती. पुढे माइल यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी वनस्पती तेले तप्त उत्प्रेरकांवरून नेऊन खनिज तेलासारखी हायड्रोकार्बने मिळवली. आज मेथॅनॉल व सोडियम हायड्रॉक्साइड वापरून बायोडिझेल बनवतात, तेव्हा मेथॉक्साइड आयन तेलाच्या रेणूशी क्षणभर जोडला जातो, मेदाम्लाचे मेथिल एस्टर सुटते आणि शेवटी उत्प्रेरक परत मिळतो. तेलात मुक्त मेदाम्ले अधिक असल्यास मात्र त्याच अल्कलीचा साबण होतो व उत्प्रेरक वाया जातो. घन उत्प्रेरकांच्या शोधाचे हे एक प्रमुख कारण आहे. तेलातील ऑक्सिजन काढून टाकून हरित डिझेल बनवताना हायड्रोजन आणि निकेल-मॉलिब्डेनमसारखे उत्प्रेरक वापरतात.

== अखेरची वर्षे ==
१९०५ ते १९२९ या काळात साबात्ये तुलूझच्या विज्ञान शाखेचे अधिष्ठाता होते. रसायन, विद्युत् तंत्र व कृषी यांच्या संस्था त्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या. पत्नीच्या १८९८ मधील निधनानंतर त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्यांना चार मुली होत्या. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझ येथे त्यांचे निधन झाले. तेथील विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.