नकाशात सगळ्यात दुर्गम जागा शोधली, तिथं जाऊन राहिला आणि कॅम्पिंगचं बायबल लिहिलं : हॉरेस केपहार्टची गोष्ट

कॅम्पिंगला जायचं ठरलं की आपण आधी काय बघतो? तंबू. मग स्लीपिंग बॅग, टॉर्च, चाकू आणि ऑनलाइन ऑफर. जायचं कुठं, हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एखादी रील बघून ठरतं.

साधारण एकशेवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसानं हे उलट्या क्रमानं केलं. आधी नकाशा घेतला, जागा ठरवली आणि मग सामान बांधलं. त्याचं नाव हॉरेस केपहार्ट. आज ज्याला आपण बुशक्राफ्ट म्हणतो, म्हणजे जंगलात कमीत कमी सामानात नीट राहायची कला, तिच्यावर त्यानं लिहिलेलं पुस्तक आजही विकत मिळतं.

पण हा गडी काही शिकारी नव्हता की सैनिक नव्हता. तो होता लायब्ररियन.

केपहार्टचा जन्म १८६२ चा, पेनसिल्व्हेनियातला. बालपण गेलं आयोवाच्या माळरानावर. पोरगा हुशार होता. कॉर्नेल विद्यापीठात ग्रंथालयाचं काम शिकला, इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये जाऊन दुर्मीळ पुस्तकांच्या याद्या केल्या, मग येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली. १८८७ मध्ये लॉरा मॅकशी लग्न झालं. १८९० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो सेंट लुईसच्या मर्कंटाइल लायब्ररीचा प्रमुख झाला. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा इतिहास म्हटलं की लोक त्याच्याकडे यायचे.

नोकरी मोठी, समाजात मान, घरात सहा मुलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की माणसाचं सगळं छान चाललंय.

आतून मात्र तो पोखरला जात होता. दारू वाढली होती. शनिवार-रविवारची सुट्टी पुरेना, म्हणून तो ओझार्कच्या जंगलात जास्त जास्त दिवस जाऊन राहायला लागला. कामाकडे दुर्लक्ष झालं आणि १९०३ मध्ये नोकरी गेली. १९०४ च्या मार्चमध्ये त्याचं मन पूर्ण कोसळलं, त्याची बातमी शहरातल्या पेपरात आली. लॉरा मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी गेली. तो ओहायोत आईवडिलांकडे आला.

वय वर्षं एक्केचाळीस. हातात काहीच नाही.

अशा अवस्थेत त्यानं नकाशे पुढ्यात घेतले. त्याला हवी होती जवळात जवळची, पण माणसांच्या वर्दळीपासून लांबात लांब असलेली जागा. नजर थांबली नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी पर्वतावर. या डोंगरातल्या लोकांविषयी वाचावं म्हणून त्यानं ग्रंथालय धुंडाळलं, तर कामाचं काहीच सापडेना. आयुष्यभर पुस्तकांच्या याद्या करणाऱ्या माणसाला अशी जागा सापडली होती, जिच्यावर पुस्तकच नव्हतं. झालं, ठरलं.

१९०४ च्या उन्हाळ्यात तो नॉर्थ कॅरोलिनात पोचला. आधी डिक्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी तंबू ठोकून राहिला. मग थंडीच्या तोंडावर आणखी आत, हेझल क्रीकच्या खोऱ्यात गेला. तिथं कोर्टकज्ज्यात अडकून बंद पडलेली एक तांब्याची खाण होती. तिच्याजवळची रिकामी लाकडी झोपडी त्याला राहायला मिळाली.

नकाशावर ओसाड दिसणाऱ्या त्या खोऱ्यात माणसं मात्र राहत होती. मका पिकवणारी, डुकरं पाळणारी, अस्वलाची शिकार करणारी, गुपचूप दारू गाळणारी. असं सांगतात की केपहार्ट तिथं आला तेव्हा इतका खंगलेला होता, की ग्रॅनव्हिल कॅलहून नावाच्या स्थानिकानं त्याला स्वतःच्या घरी ठेवलं, दूध पाजून उभं केलं आणि मगच झोपडीत जाऊ दिलं. म्हणजे एकट्यानं जंगलात राहायला निघालेला माणूस पहिल्यांदा वाचला तो शेजाऱ्यामुळं.

पुढची तीन वर्षं तो त्या झोपडीत राहिला. स्वयंपाक करून बघायचा, वेगवेगळी लाकडं जाळून बघायचा, शेजाऱ्यांना प्रश्न विचारायचा आणि सगळं वहीत उतरवायचा. लायब्ररियनची सवय! शिकाऱ्यांच्या मासिकांत त्याचे लेख येऊ लागले आणि १९०६ मध्ये त्याचं कॅम्पिंग आणि वुडक्राफ्टवरचं पुस्तक आलं. दहा वर्षांनी त्यानं ते वाढवून दोन खंडांचं केलं.

या पुस्तकात नवख्या माणसाला सगळ्यात उपयोगी पडेल असा भाग आहे तंबूची जागा कशी निवडायची याचा.

स्वच्छ पाणी जवळ हवं, पण तंबू पुराच्या टप्प्यात नको. वर डोंगरात पाऊस पडला की रात्रीतून ओढा चढतो. जमीन सपाट हवी, तरी पाणी निचरून जाईल एवढा उतार हवा. चांगलं जळणारं सरपण आसपास हवं. वाऱ्यापासून आडोसा हवा आणि दिवसातला काही वेळ तरी थेट ऊन पडायला हवं, नाहीतर ओल जात नाही. आणि तंबू ठोकण्याआधी मान वर करून बघायचं. डोक्यावर वाळकी फांदी किंवा मेलेलं झाड असेल तर जागा बदलायची.

सामानाबाबतही त्याचं मत स्पष्ट होतं. दुकानात मिळणारे जाडजूड, लांबलचक शिकारी चाकू त्याला बिनकामाचे वाटायचे. त्याचा स्वतःचा चाकू साधा होता, पातं जेमतेम साडेचार इंचांचं. त्या घडणीचे चाकू आजही केपहार्टच्या नावानं विकले जातात.

१९०७ मध्ये त्यानं झोपडी सोडली आणि १९१० पासून तो ब्रायसन सिटी या छोट्या गावात राहू लागला. १९१३ मध्ये डोंगरातल्या लोकांवरचं त्याचं दुसरं गाजलेलं पुस्तक आलं. त्यात शेजाऱ्यांच्या दारू गाळण्याला आणि भांडणांना जास्तच जागा दिली, अशी तक्रार तिथले लोक अजूनही करतात. दारू त्याचीही कायमची सुटली नाही. संसार पुन्हा उभा राहिला नाही. सहा मुलं लॉरानंच वाढवली. डोंगरानं त्याला सावरलं, पण त्याची किंमत तिनं मोजली.

दरम्यान हेझल क्रीकमध्ये लाकूड कंपनी शिरली होती. रेल्वे टाकून तिनं १९२८ पर्यंत खोरं तोडून नेलं. आपल्याला ज्या जंगलानं जगवलं ते डोळ्यांदेखत संपतंय, हे बघून केपहार्ट राष्ट्रीय उद्यानाच्या मागणीसाठी लिहू लागला. त्याला जोडीदार मिळाला जॉर्ज मासा. हा मूळचा जपानी फोटोग्राफर सायकलचं चाक ढकलत डोंगरवाटा मोजायचा. मासाचे फोटो आणि केपहार्टचे लेख, अशी ही मोहीम चालली. १९२८ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून ५० लाख डॉलर मिळाले आणि जमीन खरेदीला जोर आला.

उद्यान मात्र त्याला बघायला मिळालं नाही. २ एप्रिल १९३१ रोजी ब्रायसन सिटीजवळ टॅक्सीच्या अपघातात तो आणि सोबतचा एक लेखक दोघंही गेले. गावातल्या टेकडीवर त्याच्या थडग्याशी एक मोठा दगड उभा आहे. १९३४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या एका शिखराला त्याचं नाव आहे.

पण उद्यानासाठी डोंगरातल्या शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. मग दुसऱ्या महायुद्धात फोंटाना धरण झालं, हेझल क्रीकचा खालचा भाग पाण्याखाली गेला आणि तिकडे जायचा रस्ताही बुडाला. ज्यांच्याकडून केपहार्ट जंगल शिकला, त्यांचीच वस्ती उठली.

आज हेझल क्रीकला मुक्काम करायचा तर बहुतेक जण बोटीनं तलाव ओलांडतात. परवाना लागतो आणि नेमून दिलेल्या जागीच तंबू लावता येतो. अस्वलांमुळं अन्नाची पिशवी तारेवर उंच टांगावी लागते. झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून अंथरूण करायचं, असं केपहार्टनं पुस्तकात शिकवलंय. त्याच्याच जंगलात आज हिरवी फांदी तोडायला बंदी आहे. जाळायला फक्त खाली पडलेलं वाळकं लाकूड घ्यायचं.

त्याच बोटींतून दरवर्षी तिथून उठलेल्या कुटुंबांची नातवंडं-पतवंडंही येतात, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला.