दोन महिने बंदरात उभं राहिलेलं जहाज आणि ते घेऊन जाणारे बाबा गुरदित सिंग

५ फेब्रुवारी २०२५. अमेरिकेच्या लष्कराचं एक विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरलं. आत होते १०४ भारतीय. बेकायदा अमेरिकेत शिरले म्हणून त्यांना हातात बेड्या घालून परत पाठवलं होतं. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, पण महाराष्ट्रातलेही तिघे त्यात होते.

ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्याखालची भांडणंही वाचली असतील. एका बाजूचं म्हणणं, कायदा मोडून गेलात तर परत पाठवणारच, त्यात रडायचं काय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पाठवा, पण माणसाला माणसासारखं वागवून पाठवा.

हे भांडण त्याच्या १११ वर्षं आधीही झालं होतं. तेव्हा विमानाच्या जागी जहाज होतं आणि अमेरिकेच्या जागी कॅनडा. ते जहाज घेऊन जाणारा माणूस तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या सरहाली गावचा होता. त्यांचं नाव बाबा गुरदित सिंग आणि जहाजाचं नाव कोमागाटा मारू.

गुरदित सिंग कोण होते?

जन्म साधारण १८६० चा. घर शेतकऱ्याचं, पण सैनिकी परंपरेचं. आजोबा महाराजा रणजित सिंगांच्या खालसा फौजेत होते. वडील पोटापाण्यासाठी मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात गेले आणि तिथे ठेकेदारी करू लागले. गुरदित सिंगांची शाळा फारशी झाली नाही. पंचविशीच्या आसपास तेही वडिलांच्या मागे मलायाला गेले.

तिथे त्यांनी जम बसवला. मलाया आणि सिंगापूरमध्ये ठेकेदारी केली, पैसा कमावला, भाषा शिकले. म्हणजे ज्या वयात लोक निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात गुरदित सिंग हे आग्नेय आशियातलं एक बऱ्यापैकी वजनदार नाव होतं. क्रांतिकारक वगैरे ते तेव्हा नव्हते, सरळसरळ व्यापारी होते.

जानेवारी १९१४ मध्ये ते कामानिमित्त हाँगकाँगला आले. तिथल्या गुरुद्वारात त्यांना पंजाबी तरुणांची गर्दी दिसली. गावाकडची जमीन गहाण टाकून, कर्ज काढून ही पोरं घराबाहेर पडली होती. त्यांना कॅनडाला जायचं होतं, पण एकही जहाज कंपनी त्यांना तिकीट द्यायला तयार नव्हती.

तिकीट का मिळत नव्हतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी लोक कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जाऊ लागले. लाकडाच्या गिरण्या आणि रेल्वेच्या कामावर त्यांना मजुरी मिळायची. १९०८ पर्यंत तिथे जवळपास ५ हजार भारतीय झाले होते. गोऱ्या कामगारांना वाटू लागलं की हे लोक कमी पैशात राबतात आणि आपली मजुरी पाडतात. १९०७ मध्ये व्हँकुव्हरमध्ये आशियाई लोकांविरोधात दंगल झाली. त्याच वर्षी प्रांताने भारतीयांचा मतदानाचा हक्क काढून घेतला.

आता कॅनडा सरकारपुढे पेच होता. चिनी माणसावर त्यांनी ५०० डॉलरचा प्रवेश कर लावला होता. जपानशी करार केला होता. पण भारतीय हे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि कॅनडाही त्याच साम्राज्यात होता. भारतीयांना बंदी असं कागदावर लिहिलं तर लंडन अडचणीत येणार आणि भारतात असंतोष वाढणार.

मग १९०८ मध्ये एक नियम निघाला. कॅनडात येणारा माणूस त्याच्या मायदेशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता आणि तिथेच काढलेल्या तिकिटावर आला पाहिजे. नियमात भारताचं नावही नव्हतं. पण भारतातून कॅनडाला थेट जहाजसेवाच नव्हती. कॅनेडियन पॅसिफिक कंपनी कलकत्त्यातून थेट तिकीट देऊ शकत होती, पण सरकारच्या दबावामुळे तेही बंद झालं. वर आणखी एक अट होती, भारतीय माणसाच्या खिशात २०० डॉलर हवेत. इतरांसाठी ही रक्कम २५ डॉलर होती.

म्हणजे दार उघडं दिसत होतं, पण त्याच्यापर्यंत जाणारी पायरीच काढून टाकली होती. याच कॅनडाने १९१३ या एका वर्षात ४ लाखांहून जास्त स्थलांतरित घेतले, हेही लक्षात ठेवा.

मग जहाज भाड्याने घ्यायचं कसं सुचलं?

१९१३ मध्ये पनामा मारू नावाच्या जहाजातून ३९ भारतीय कॅनडात पोचले. सरकारने अडवलं, ते कोर्टात गेले आणि ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य न्यायाधीशांनी सरकारचे नियम कायद्यात बसत नाहीत असा निकाल दिला. ही बातमी हाँगकाँगच्या गुरुद्वारात पोचली. सरकारने लगेच नियमांची भाषा सुधारून पळवाट बंद केली होती, पण लोकांच्या आशेला तेवढं पुरेसं होतं.

गुरदित सिंगांनी मार्च १९१४ मध्ये कोमागाटा मारू हे जपानी जहाज सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतलं. त्याला नाव दिलं गुरु नानक जहाज. जहाजावर गुरुद्वारा उभारला. जपानच्या मोजी बंदरात विक्रीसाठी कोळसाही भरला.

यात सेवा होती आणि धंदाही होता. ही सफर यशस्वी झाली तर भारतीयांसाठी कायमची जहाजसेवा सुरू करायची, असा त्यांचा बेत होता. नियम त्यांना माहीत होते. आपण ते मोडत नाही, तर कोर्टात तपासून घेतोय, अशी त्यांची भूमिका होती. पण डाव फसला तर बुडणार होते ते गरिबांचे पैसे. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हाच मुद्दा धरून ठेवला आणि तो खोटा नव्हता.

हाँगकाँगमध्ये बेकायदा सफरीची तिकिटं विकली म्हणून त्यांना अटकही झाली. जामीन मिळाला. ४ एप्रिलला १६५ प्रवाशांसह जहाज निघालं. शांघाय आणि जपानमध्ये आणखी लोक चढले. योकोहामा सोडताना एकूण प्रवासी होते ३७६. त्यात बहुसंख्य शीख, काही मुस्लिम आणि काही हिंदू. गुरदित सिंगांचा लहान मुलगाही सोबत होता.

व्हँकुव्हरमध्ये काय झालं?

२३ मे १९१४ ला जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात आलं. अधिकाऱ्यांनी ते धक्क्यापासून दूर, पाण्यातच थांबवलं. पहाऱ्याला बोटी लावल्या. प्रवाशांना वकिलाला भेटायची परवानगी नव्हती. त्यातल्या मोजक्या २४ लोकांनाच शेवटी उतरू दिलं. त्यातले बहुतेक कॅनडात आधीपासून राहणारे होते आणि बाकी जहाजावरचे डॉक्टर आणि त्यांचं कुटुंब.

बाकीच्यांचं काय करायचं यावरून शहरात दोन तट पडले.

एकीकडे खासदार एच. एच. स्टीव्हन्स आणि इमिग्रेशन अधिकारी माल्कम रीड होते. कॅनडा हा गोऱ्यांचा देश राहिला पाहिजे, हे ते उघडपणे मांडत होते. महापौरांनी सभा बोलावली, वर्तमानपत्रांनी आक्रमणाची भाषा वापरली. कामगार संघटनांनाही मजुरी पडेल अशी भीती होती.

दुसरीकडे व्हँकुव्हरमधले भारतीय होते. हुसेन रहीम, भाग सिंग, बलवंत सिंग अशा लोकांनी किनारा समिती उभी केली. जहाजाच्या भाड्याचा हप्ता थकला तर मालक जहाज परत नेणार होते. गिरणीत राबणाऱ्या या लोकांनी वर्गणी काढून २२ हजार डॉलर भरले. काही गोरे समाजवादीही त्यांच्या सभांना आले. जे. एडवर्ड बर्ड नावाच्या गोऱ्या वकिलाने त्यांची केस घेतली.

गंमत म्हणजे राजधानी ओटावात फारसा वादच नव्हता. १९०८ चा नियम लिबरल पक्षाच्या लॉरिए सरकारने केला होता आणि १९१४ मध्ये तो राबवत होतं कंझर्व्हेटिव्ह पक्षाचं बोर्डन सरकार. भारतीयांना मतच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासाठी भांडून कोणाला काही मिळणार नव्हतं.

कोर्ट काय म्हणालं?

रीड यांनी चौकशी मुद्दाम रेंगाळत ठेवली, म्हणजे प्रकरण कोर्टात जाणारच नाही. जहाजावर अन्न-पाण्याचे हाल सुरू झाले. शेवटी मुन्शी सिंग या एका प्रवाशाची केस नमुना म्हणून चालवायचं ठरलं. ६ जुलैला प्रांताच्या अपील कोर्टाने एकमताने निकाल दिला की इमिग्रेशन खात्याच्या निर्णयात हात घालायचा अधिकार कोर्टाला नाही.

गुरदित सिंगांचा सगळा डाव कोर्टावर होता. तो तिथेच संपला.

प्रवासी चिडले. परतीच्या रसदीशिवाय जहाज हलणार नाही म्हणत त्यांनी कॅप्टनला न जुमानता जहाजाचा ताबा घेतला. १९ जुलैच्या पहाटे सी लायन नावाच्या बोटीतून पोलीस आणि सशस्त्र माणसं चाल करून आली. प्रवाशांनी वरून कोळसा आणि विटांचा मारा केला. व्हँकुव्हरला विकायला आणलेला कोळसा असा कामी आला. पोलिसांना माघार घ्यावी लागली.

मग सरकारने रेनबो ही युद्धनौका आणली. तिच्या तोफा पाहायला किनाऱ्यावर माणसांची गर्दी जमली. अखेर रसद मिळाली आणि २३ जुलैला, बरोबर दोन महिन्यांनी, ३५२ प्रवाशांना घेऊन जहाज माघारी फिरलं.

परत आल्यावर गोळ्या

जहाज समुद्रात असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं. तोवर अमेरिका-कॅनडातले भारतीय गदर पक्षाकडे वळले होते, त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक पंजाबी ब्रिटिशांना संशयित वाटत होता. सप्टेंबर १९१४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला. परदेशातून आलेल्या कोणालाही त्याच्याच देशात अडवता, डांबता येणार होतं.

जहाज कलकत्त्याजवळच्या बजबजला लागलं. २९ सप्टेंबरला पोलिसांनी प्रवाशांना सांगितलं की समोरच्या रेल्वेत बसा आणि थेट पंजाबला जा. बहुतेकांना ते मान्य नव्हतं. गुरु ग्रंथसाहेब डोक्यावर घेऊन ते कलकत्त्याच्या दिशेने चालू लागले. त्यांना अडवून मागे आणलं. संध्याकाळी स्टेशनजवळ झटापट झाली आणि गोळीबार सुरू झाला. सुमारे २० प्रवासी मारले गेले. पोलीस आणि अधिकाऱ्यांच्या बाजूचेही काही मेले. २०० हून जास्त लोक तुरुंगात गेले.

गुरदित सिंग मात्र अंधारात निसटले.

या घटनेने आगीत तेल ओतलं. गदरच्या प्रचारात कोमागाटा मारूचं नाव सतत येऊ लागलं. काही आठवड्यांतच तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून बंडाच्या तयारीने कलकत्त्याला उतरले. पुढच्या वर्षी लाहोरमध्ये त्यांना फाशी झाली. पुण्याजवळच्या गावातला मुलगा आणि पंजाबी मजूर यांना जोडणारा धागा हाच होता.

पुढची ४० वर्षं

गुरदित सिंग सात वर्षं वेश आणि नाव बदलून फिरत राहिले. महात्मा गांधींनी त्यांना उघडपणे समोर यायचा सल्ला दिला, असं सांगितलं जातं. नोव्हेंबर १९२१ मध्ये नानकाना साहिबला हजारो लोकांसमोर त्यांनी स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात पाच वर्षांची शिक्षा झाली.

सुटल्यावर ते काँग्रेसचं काम करत राहिले. सफरीची आपली बाजू पुस्तकात मांडली. १९३७ ची निवडणूक काँग्रेसकडून लढवली आणि हरले. त्यांना हरवणारे होते प्रतापसिंग कैरों, जे पुढे पंजाबचे मुख्यमंत्री झाले. कैरों स्वतः अमेरिकेत शिकून परतले होते.

१९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बजबजला स्मारक झालं. गुरदित सिंग तेव्हा हयात होते. २४ जुलै १९५४ ला त्यांचं निधन झालं.

मग बरोबर कोण होतं?

कॅनडाने उत्तर द्यायला वेळ घेतला. १९४७ मध्ये भारतीयांना मतदानाचा हक्क परत मिळाला आणि थेट प्रवासाचा नियमही गेला. २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी एका मैदानातल्या कार्यक्रमात माफी मागितली, पण ती संसदेत नाही म्हणून अनेक शिखांनी नाकारली. १८ मे २०१६ ला जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली. तेव्हा संरक्षणमंत्री होते हरजित सज्जन. १९१४ मध्ये जहाजाला हाकलायला ज्या रेजिमेंटची माणसं गेली होती, त्याच रेजिमेंटचं नेतृत्व या पंजाबी माणसाने केलं होतं.

आजच्या वादाशी याची सरळ तुलना होत नाही. गुरदित सिंगांचे प्रवासी जंगलातून, कुंपणाखालून लपूनछपून गेले नव्हते. भर दिवसा, तिकीट काढून, बंदरात येऊन त्यांनी परवानगी मागितली होती. कोणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला असतो, हेही खरंच.

पण बेकायदा हा शब्द पुढच्या वेळी कमेंटमध्ये दिसला, तर एक प्रश्न जरूर विचारा. त्या माणसासाठी कायदेशीर रस्ता होता का, आणि तो पाळता येण्यासारखा होता का? १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीतल्या बहुतेकांनी हा प्रश्न विचारला नाही. कॅनडाच्या संसदेला त्याचं उत्तर द्यायला १०२ वर्षं लागली आणि तोवर जहाजावरचं कोणीही ते ऐकायला उरलं नव्हतं.